त्रेपन्न वानरं आणि दोन माद्या: कात बा बेटावरच्या एका निर्णयाचा अभ्यास

आमच्या अभ्यासगटात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एक प्रकरण घ्यायचं, असा शिरस्ता आहे. गंगापूर रोडवरच्या एका घराच्या गच्चीत दहा-बारा जण जमतो. एक पशुवैद्य, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार, कॉलेजातली चार-पाच मुलं आणि आम्ही दोघी-तिघी शिक्षिका. या वेळी पाळी माझी होती. मी व्हिएतनामच्या कात बा बेटावरचं सोनेरी डोक्याचं वानर निवडलं. जगातल्या सर्वांत दुर्मीळ वानरांपैकी ते एक, 'अतिसंकटग्रस्त' या शेवटच्या पायरीवरचं. त्यानंतर फक्त नामशेष होणं उरतं.

विषय सांगितला तसे काका म्हणाले, "ताई, वानरं कमी झालीत म्हणता? अंजनेरीला जाऊन या एकदा. हातातली पिशवी हातात राहत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. अंजनेरी काय, सप्तशृंग गड काय, ज्या नाशिककराने लहानपणापासून माकडांना प्रसादाचं ताट पळवताना पाहिलंय, त्याला वानर आणि दुर्मीळ हे दोन शब्द एकत्र ऐकणं जडच जातं. म्हणून सुरुवात तिथूनच केली. मराठीत आपण लालतोंड्याला माकड म्हणतो आणि काळतोंड्या लांब शेपटीवाल्याला वानर. हा फरक नुसता नावाचा नाही. माकड काहीही खातं आणि कुठेही तग धरतं. वानराचं पोट पानं पचवण्यासाठी घडलेलं असतं. गाईच्या पोटासारखे त्यात कप्पे असतात आणि सूक्ष्मजीव तिथे पानं आंबवतात. आपलं काळतोंडं वानर त्यातल्या त्यात जुळवून घेणारं, म्हणून ते शेतातही दिसतं. पण त्याची आशियातली बरीच भावंडं एकाच प्रकारच्या जंगलाला, एकाच प्रकारच्या डोंगराला बांधलेली आहेत. कात बाचं वानर त्यांतलं. ते बेट आणि त्याच्या लगतची छोटी बेटं सोडली तर ते जगात कुठेही रानात नाही.

बेट आणि शिकार

कात बा हे हायफाँग शहराच्या हद्दीतलं, 'हा लाँग' नावाच्या आखाताला लागून असलेलं बेट. समुद्रातून सरळ वर आलेले चुनखडीचे सुळके, त्यांच्यावर चिकटून वाढलेलं जंगल, कड्यांत गुहा आणि कपारी. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्याने पाहिलाय त्याला हे डोंगर वेगळे वाटतील, पण कड्याशी जनावराचं नातं कसं असतं ते ओळखीचं वाटेल. वानरं दिवसा कड्यावरच्या झाडांची पानं खातात आणि रात्री कपारीत मुक्काम करतात. मोठ्या वानराचं अंग काळसर तपकिरी, डोकं आणि खांदे मात्र पिवळसर सोनेरी. पिल्लू जन्मतं तेव्हा अख्खं केशरी असतं. पिकलेल्या संत्र्याच्या सालीचा रंग डोळ्यापुढे आणा. काळ्या आईच्या पोटाला ते केशरी गाठोडं लटकलेलं असतं, आणि लांबून पाहणाऱ्याला आधी तेच दिसतं.

१९६० च्या दशकात या बेटावर अंदाजे २,४०० ते २,७०० वानरं होती. २००० सालापर्यंत ५३ उरली. चाळीस वर्षांत शंभरातली अठ्ठ्याण्णव गेली.

कारण शोधायला लांब जावं लागत नाही. जंगल तुटलं, पण मुख्य कारण शिकार. वानराची हाडं उकळून, आटवून त्यांचा घट्ट लेप करतात आणि तो औषध म्हणून विकतात. मुलांना हे ऐकून किळस आली. मी विचारलं, मांडूळ कशासाठी पकडतात आपल्याकडे? घोरपडीचं काय करतात? सगळे गप्प झाले. दर काही महिन्यांनी मांडूळ विकायला आलेली टोळी पकडल्याची बातमी आपल्याच पेपरात येते. कुणाला पैशांचा पाऊस हवा असतो, कुणाला सांधेदुखीवर उतारा. प्राण्याच्या अंगात नसलेला गुण माणसाच्या मनात असतो आणि त्यापायी प्राणी मरतो. त्यात वानराची रात्रीची कपार ठरलेली असली की शिकाऱ्याचं काम सोपं होतं. संध्याकाळी वाट बघायची, एवढंच.

कात बा राष्ट्रीय उद्यान १९८६ साली झालं होतं. म्हणजे २००० साली जी ५३ उरली, ती कागदावर चौदा वर्षं सुरक्षित होती.

बेदाण्यांचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. बागायतदार मंडळींनी त्या दिवशी डबा भरून बेदाणे आणले होते. मी मधोमध स्टीलचं मोठं ताट ठेवलं आणि कॉलेजातल्या एका मुलीला सांगितलं, ५३ दाणे मोज. मादी म्हणून सोनेरी बेदाणे घे, नर म्हणून काळे मनुके. वानरांच्या एका टोळीत बहुधा एकच मोठा नर असतो, ज्याला आपण हुप्प्या म्हणतो. बाकी माद्या आणि पोरं. त्यामुळे काळे दाणे थोडेच ठेवले. नेमकी विभागणी दाखवणं हा हेतू नव्हता, चित्र डोळ्यासमोर यावं इतकंच.

ताटात ५३ दाणे बरे दिसतात. मूठभर का होईना, आहेत.

मग तिला सांगितलं, आता याचे सात ढीग कर, आणि ढिगांमध्ये वीतभर अंतर ठेव. कारण २००० नंतरच्या नोंदी सांगतात की उरलेली वानरं सात तुटक तुकड्यांत विभागली गेली होती. मधली टोळी मारली गेली, मधलं जंगल गेलं, एका सुळक्यावरची वानरं दुसऱ्या सुळक्यावर जाईनाशी झाली. ढीग झाल्यावर मी तीन ढिगांतले काळे मनुके उचलून घेतले. सातांतल्या तीन तुकड्यांत फक्त माद्या होत्या. नर नाही, आणि यायला वाटही नाही.

"मग ते तीन ढीग मोजायचे कशाला?" ती मुलगी म्हणाली.

हाच प्रश्न. त्या माद्या जिवंत होत्या, धडधाकट होत्या, पानं खात होत्या, एकमेकींचे केस विंचरत होत्या. शिरगणतीत त्यांची नोंद होत होती. पण त्यांना कधी पिल्लू होणार नव्हतं. त्या म्हाताऱ्या होऊन एकेक करून गेल्या की त्यांचा ढीग संपणार होता, शिकारीची एकही गोळी न झाडता. संपूर्ण जातीत तेव्हा वर्षाला जेमतेम एक-दोन पिल्लं जन्मत होती. वानरीला एका वेळी एकच पिल्लू होतं आणि पुढचं दोन-तीन वर्षांनी. एखाददुसरं साल वाईट गेलं तरी हिशेब उलटा फिरला असता.

काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "म्हणजे खात्यात पैसे दिसतात, पण काढता येत नाहीत." बँकेतल्या माणसाला जे कळलं ते पाठ्यपुस्तकापेक्षा स्पष्ट होतं. या प्रकरणाचा गाभा हाच आहे असं माझं मत आहे. किती उरली हा प्रश्न आपण सवयीने विचारतो. विचारायला हवं ते हे, की कोण कुणापर्यंत पोहोचू शकतं.

आधी रखवाली, मग हलवाहलव

२००० साली जर्मनीतल्या म्युन्स्टर प्राणिसंग्रहालयाने आणि जर्मनीतल्याच एका प्राणिसंवर्धन संस्थेने कात बा वानर संवर्धन प्रकल्प सुरू केला. त्यांनी सर्वांत आधी काय केलं ते महत्त्वाचं आहे. त्यांनी वानरं पकडली नाहीत आणि पिंजरेही बांधले नाहीत. उद्यानाच्या रक्षकांबरोबर त्यांनी बेटावरच्याच गावांतली माणसं रखवालीला घेतली. ज्यांना कपारी माहीत, बोटीच्या वाटा माहीत, कोण रात्री कुठे जातो ते माहीत, अशी माणसं. शिकार जवळपास थांबली आणि संख्या घसरायची थांबली.

इथे बागायतदारांनी अडवलं. परदेशी पैशावर परदेशी माणसांनी दुसऱ्याच्या रानात का यावं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा मुद्दा मी झटकला नाही. पण हर्सूलकडच्या खोरीपाड्याची आठवण करून दिली. तिथे गिधाडांसाठी उपाहारगृह चालतं. वनखात्याने गावकऱ्यांना बरोबर घेऊन, औषधाचा अंश नसलेली मेलेली जनावरं एका ठरावीक जागी ठेवायला सुरुवात केली. गिधाडंही अतिसंकटग्रस्त, त्यांचंही वर्षाला एकच अंडं. जनावरांना देण्याच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने त्यांचा नाश केला, २००६ साली त्यावर बंदी आली. पण दिल्लीत निघालेला आदेश खोरीपाड्याच्या माळावर अंमलात येतो तो तिथल्या माणसामुळे. पैसा कुठूनही येवो, राखण करणारा गावातला असेल तर काम टिकतं. कात बाला ते झालं, म्हणून ते टिकलं. बागायतदारांना हे अर्धं पटलं आणि अर्धं नाही. तेवढं राहू दे.

शिकार थांबली, पण ते तीन ढीग तसेच होते. रखवालदार कितीही चांगला असला तरी मादीजवळ नर आणून ठेवू शकत नाही. तिथे मुद्दाम हात घालावाच लागणार होता.

दोन माद्या

मुख्य बेटालगतच्या एका छोट्या बेटावर दोन माद्या अडकून पडल्या होत्या. त्यांना तिथून उचलून उद्यानाच्या गाभ्यातल्या, कडक संरक्षणातल्या भागात नेऊन सोडायचं, जिथे नर असलेल्या टोळ्या आहेत, असा निर्णय झाला. वाचायला एक ओळ. करायला काय लागतं, ते आमच्या पशुवैद्यांनी सांगितलं आणि त्या दिवशीचा सर्वांत चांगला अर्धा तास तोच होता.

त्यांनी निफाड, सिन्नरच्या उसात बिबट्यांना भूल देताना पाहिलंय, स्वतः मदतही केलीय. ते म्हणाले, भुलीची सुई लागली म्हणजे जनावर जागच्या जागी आडवं होत नाही. काही मिनिटं जातात. त्या मिनिटांत बिबट्या उसात शिरतो आणि तुम्ही काठ्या घेऊन त्याला शोधत बसता. वानराच्या बाबतीत ऊस नाही, कडा आहे. सुई लागलेलं वानर घाबरून वर चढणार आणि नेमकं वरच्या टोकाला गेल्यावर त्याचे हात सुटणार. खाली समुद्र. शिवाय मात्रा किती द्यायची? ज्या जातीची जगात पन्नास-साठच जनावरं आहेत, तिच्यावर प्रयोग कुणी करून ठेवलेत? पकडलं तरी पान खाणारं जनावर भीतीने खाणं सोडतं, आणि आंबवणारं पोट रिकामं राहिलं की फार झपाट्याने बिघडतं. ते म्हणाले, "गाय दोन दिवस चरली नाही तर मला फोन येतो. इथे फोन करायला दुसरं वानरच नाही."

त्यापुढचा धोका नव्या टोळीचा. सोडलेल्या माद्यांना तिथल्या माद्यांनी हुसकावलं तर? हुप्प्याने स्वीकारलंच नाही तर? वानरांच्या टोळ्यांत परक्याचं स्वागत होतंच असं नाही.

एका मुलाने विचारलं, मग प्राणिसंग्रहालयात ठेवून पिल्लं का वाढवली नाहीत? प्रश्न योग्य आहे. पानं खाणारी वानरं पिंजऱ्यात जगवणं फार कठीण जातं. रोज अनेक प्रकारांतून नेमकी ताजी पानं निवडून खाणाऱ्या जनावराला काय घालणार? आणि ५३ मधून दहा-वीस पिंजऱ्यासाठी काढली, तर रानात काय उरणार? माझ्या मते पिंजऱ्याचा रस्ता इथे बंद होता. उरला तो हाच रस्ता, आहेत त्यांना एकमेकांपर्यंत पोहोचवण्याचा.

२०१२ साली त्या दोन माद्या हलवल्या गेल्या. दोघी जगल्या. गाभ्यातल्या टोळ्यांत त्या मिसळल्या.

आमच्या गच्चीवर यानंतर थोडा वेळ कुणी बोललं नाही. त्या मुलीने एका ढिगातले दोन सोनेरी बेदाणे उचलले आणि काळा मनुका असलेल्या ढिगात ठेवले. ताटातले दाणे तेवढेच राहिले.

बारा वर्षं का लागली

प्रकल्प २००० चा आणि माद्या हलवल्या २०१२ ला. मुलांना हा उशीर खटकला. मला तो उशीर वाटत नाही. २००१ साली त्या दोघींना नेऊन सोडलं असतं, तर जिथे सोडलं तिथेच कुणीतरी त्यांना मारलं असतं. आधी जागा सुरक्षित व्हावी लागते. कुठली टोळी कुठे झोपते, कुठला नर तरुण आहे, कुठे खायला पुरेसं आहे, हे वर्षानुवर्षं बघून वहीत लिहावं लागतं. आपल्याकडे आधी सोहळा करून जनावर सोडतात आणि मग रखवालीचा विचार करतात, असं मी जवळून पाहिलंय. मोठ्या हौसेने सोडलेली कासवं मी पाहिलीत, आणि त्यानंतर त्यांचं काय झालं हे विचारायला कुणी फिरकलं नाही, हेही पाहिलंय. तेव्हा तिथे उभी राहून मी टाळ्या वाजवल्या होत्या. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

कात बाच्या वानरांची संख्या त्यानंतर हळूहळू वाढली, तरी आजही ती शंभराच्या आत आहे. २०२४ मध्ये त्यांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. इतक्या थोड्यांतून वाढल्यामुळे त्यांच्यात आपसांतलं प्रजनन खूप झालंय आणि एकूण विविधता कमी झालीय, हे त्यात दिसलं. पण जगायला लागणाऱ्या काही महत्त्वाच्या जनुकांत वैविध्य अजून टिकून आहे. त्याच अभ्यासात या वानरांच्या एका विलक्षण सवयीचा विचार आहे. ती खारं पाणी पितात. चुनखडीच्या बेटावर गोडं पाणी मिळणं मुश्कील, तर ही वानरं समुद्राचं पाणी पिऊन जगायला शिकली. असं एक विलक्षण जगणं हाडांच्या लेपापायी संपत आलं होतं.

धोके संपलेले नाहीत. शंभराच्या आतली सगळी जात एकाच द्वीपसमूहात आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. एखादी साथ आली तर पळायला जागा नाही. 'हा लाँग' आखात आणि कात बा मिळून २०२३ मध्ये जागतिक वारसास्थळ झालं. त्याने संरक्षणाला बळ येतं आणि बोटींची गर्दीही वाढते. आणि २०१२ मध्ये हलवल्या त्या फक्त दोनच माद्या.

अंजनेरीवर

प्रकरण वाचून झालं की पुढच्या रविवारी आपल्या मुलखात जायचं, हा आमचा दुसरा शिरस्ता. अंजनेरीला गेलो. पायथ्याशी वानरांची टोळी होतीच. काकांनी पिशवी बगलेत घट्ट धरली आणि या वेळी ते टोळीकडे वेगळ्या नजरेने बघत होते. "हा हुप्प्या," ते म्हणाले, "आणि पिल्लं चार." पूर्वी ते नुसतं किती आहेत ते मोजायचे.

अंजनेरीवर अतिसंकटग्रस्त असं वानर नाही. पण अतिसंकटग्रस्त जीव आहेत. कड्यांच्या कपारीत लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. आणि पठारावर, पावसाळ्यात गवताच्या आड, एक कंदीलपुष्प उगवतं. त्याला या डोंगराचंच नाव आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. २००६ मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद झाली. बोटाएवढं फूल, खाली फुगीर आणि वर पाकळ्यांची टोकं जुळलेली, देवघरातल्या छोट्या कंदिलासारखं. ते दिसायला गुडघ्यावर बसावं लागतं, आणि बसताना आपल्याच बुटाखाली दुसरं एक नाही ना, हे आधी बघावं लागतं. त्याच्या आत छोट्या माशा शिरतात, काही काळ अडकतात, परागकण अंगाला लावून बाहेर पडतात आणि दुसऱ्या फुलात जातात. दुसरं फूल माशीच्या उडण्याच्या टप्प्यात असावं लागतं.

अंजनेरी २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झालं. मध्यंतरी डोंगरावर गाडीरस्ता न्यायचा प्रस्ताव आला होता, तेव्हा नाशिकच्या निसर्गप्रेमींनी विरोध केला. त्या वेळी आम्ही सांगत होतो की रस्त्याने झाडं जातील, फुलं जातील. ते खरंच आहे. पण रस्त्याखाली गेलेली रोपं मोजून तोटा सांगता येत नाही. रस्त्याच्या अलीकडची आणि पलीकडची रोपं जिवंत राहतात, फुलतात, आणि एकमेकांची राहत नाहीत. हे तेव्हा आम्हाला नीट मांडता आलं नाही. आता येईल.

आमच्या नोंदवहीत आजवर दोन रकाने होते, ठिकाण आणि संख्या. परत आल्यावर त्या मुलीने पट्टीने तिसरा आखला आणि वर लिहिलं, "जवळचं दुसरं किती पावलांवर". अंजनेरीच्या त्या दिवसाच्या पानावर कंदीलपुष्पाच्या नऊ नोंदी आहेत. सहांपुढे आकडे आहेत, बारा, सात, वीस, असे. तिघांपुढे तिने काहीच लिहिलेलं नाही. पुढच्या पावसात त्या तीन जागी आधी जायचं ठरलंय.